आवाजाच्या अलीकडे

मानदुखीचा रुग्ण बहुधा ‘गादी सरकली’ असे निदान सोबत घेऊनच येतो, आणि जे सरकले ते दाबून जागेवर बसवता येईल ही अपेक्षा त्या शब्दांतच दडलेली असल्यामुळे कायरोप्रॅक्टरचे काम तेथेच अवघड होते. वस्तुतः ही गादी, म्हणजे दोन मणक्यांमधील चकती, दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. झिजेने तिच्या तंतुमय कड्याला भेग पडते आणि आतला मऊ गर बाहेर फुगून शेजारच्या मज्जातंतूच्या मुळाला टेकतो. मानेत मणके ७ असले तरी मुळांच्या जोड्या ८ असतात. सहावे मूळ डिवचले गेले की मुंग्या अंगठ्याकडे उतरतात आणि सातवे डिवचले गेले की मधल्या बोटाकडे, त्यामुळे मानेचे दुखणे हातावर वाचावे लागते.

डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे मणका दाबून एका माणसाचा बहिरेपणा घालवल्याचा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक ही विद्या उभी राहिली. श्रवणाचा मज्जातंतू मानेतून जातच नाही, ही अडचण तिच्या जन्मालाच चिकटलेली आहे. कायरोप्रॅक्टरने मानेला झटका देताना येणारा ‘कट्’ आवाजही चकतीचा नसतो. मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांतील द्रवात दाब एकदम उतरून वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

खरे कौशल्य त्या आवाजाच्या अलीकडे असते. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली किंवा चाल डगमगू लागली, तर मज्जारज्जूच दबल्याची शंका घ्यावी लागते आणि अशा मानेला झटका न देता रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे धाडावे लागते. मानेतील रोहिणीला इजा होण्याचा धोका विरळा असला तरी तो आधी सांगणे हेही उपचाराचाच भाग आहे. उरलेल्यांपैकी पुष्कळांना हलका ताण पुरतो: डोक्याचा भार तळव्यांवर घेऊन स्नायू आपणहून सैल पडेपर्यंत थांबायचे, आणि हे थांबणेच नवशिक्या हातांना सर्वांत जड जाते. गुण येऊ लागला की वेदना बहुधा बोटांतून कोपराकडे व तेथून खांद्याकडे माघार घेते, आणि नेमक्या त्याच दिवशी रुग्ण, हात मोकळा झाल्याचे विसरून, मान अजून दुखतेच अशी तक्रार करतो.