कुठलं पान वाळतंय?

अगेव्ह घरी आलं आणि झाडांबद्दल मला जे काही येत होतं, ते एकदम अपुरं पडलं. तुळस, मोगरा, जास्वंद यांच्याशी माझी ओळख जुनी. तहान लागली की ही झाडं माना टाकतात, पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत ताठ होतात. अगेव्ह काहीच सांगत नव्हतं. आज पाहावं तर तसंच, महिन्याने पाहावं तरी तसंच. आणि जेव्हा त्यानं काही सांगितलं, तेव्हा त्याचा अर्थ लागेना.

आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत दोन झाडं आली होती. एक पिवळ्या कडांचं अगेव्ह अमेरिकाना, म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि रेल्वेरुळांच्या कडेला दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातलं. पानांच्या कडांना आकड्यासारखे काटे आणि टोकाला सुईइतका तीक्ष्ण, काळपट काटा. दुसरं अगेव्ह अ‍ॅटेन्युएटा : बिनकाट्याचं, रुंद, मऊ, निळसर हिरव्या पानांचं. नर्सरीतल्या दादांनी बजावलं होतं, "ताई, आठवड्यातून एकदा पाणी द्या." शेजारच्या काकूंची गच्ची निवडुंगांनी भरलेली आहे. त्या म्हणाल्या, "महिन्यातून एकदा दिलंस तरी पुष्कळ झालं गं." दोघंही जाणती माणसं. ऐकायचं कुणाचं?

तेवढ्यात अमेरिकानाचं सगळ्यात खालचं पान टोकाकडून वाळायला लागलं. मागोमाग मधल्या पानांवर उभ्या सुरकुत्या आल्या. सुरकुती म्हणजे तहान, असं कुणीही सांगेल. कुंडीतली वरची माती तर कोरडी ठणठणीत होती. पण दादांच्या हिशोबाने पाणी देऊन झालं होतं, मग ही तहान कसली?

सासरे त्या वेळी सोलापूरहून आले होते. त्यांच्या लहानपणी गावाकडे घायपाताची पानं कापून, कुजवून, झोडपून त्यातला वाख काढायचे आणि दोर वळायचे. हे झाड त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी विचारलं, "अण्णा, बांधावर याला पाणी कोण घालतं?"

"कोण घालतंय? पावसाचं तेवढं."

"मग पावसाळाभर भिजूनही ते कुजत कसं नाही?"

"अगं, बांधावर पाणी थांबतंय कुठं? मुरमाड जमीन, त्यात उतार. पडलं की गेलं खाली. तुझ्या कुंडीत थांबतंय का, ते बघ आधी."

मी जाड हातमोजे घातले, झाड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कुंडी आडवी करून अलगद बाहेर काढलं. वरची माती कोरडी, पण मुळांच्या मधोमध कोकोपीटचा ओला गच्च गोळा. रोप वाढवताना ते ज्या गोळ्यात लावलेलं होतं, तो तसाच राहिला होता. भोवतीची माती सुकली तरी तो पाणी धरून बसलेला. त्यातली काही मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सरकून यायची आणि हातात नुसता दोरा उरायचा. बाहेरची मुळं मात्र पांढुरकी आणि टणक होती. म्हणजे झाड तहानलेलंच होतं, पण पाण्याची कमतरता हे त्याचं कारण नव्हतं. पाणी ओढणारी मुळं कुजली होती. दोन अगदी उलट कारणं आणि पानावर खूण एकच! नवख्या माणसानं हे ओळखायचं कसं, या विचारानं मी हबकून गेले.

मऊ मुळं कापून टाकली, कोकोपीट बोटांनी मोकळं केलं आणि झाड सावलीत उघडंच ठेवलं. मुळं उघडी ठेवून झाड दिवसचे दिवस पडू द्यायचं, हे माझ्या हाताला पटत नव्हतं. पण कापलेल्या जागा सुकून त्यावर खपली धरली नाही, तर तिथूनच पुन्हा कूज शिरते. नंतर नवं मिश्रण केलं : एक भाग माती आणि जुनं खत, दोन भाग जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि पर्लाइट. वाळू चाळून त्यातली बारीक पूड काढून टाकली, कारण तीच पाण्याची वाट बुजवते. कुंडी मातीची घेतली, मुळांपेक्षा थोडीच मोठी, तळाला मोकळं भोक असलेली. खाली बशी ठेवली नाही.

पाण्याचा गुंता सुटायला मात्र वेळ लागला. तो सुटला, तो हे झाड श्वास कसा घेतं ते कळल्यावर. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या उघडझापीत भरपूर पाणी गमावतात. अगेव्ह दिवसा रंध्रं मिटून घेतं. रात्री गारवा आला की ती उघडतं, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतं आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्यातून अन्न तयार करतं. मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात तगून राहण्याची ही रीत. म्हणूनच ते हळू वाढतं आणि इतक्या थोड्या पाण्यावर जगतं. मग दादा आणि काकू दोघांचंही खरं ठरलं. भर उन्हात, उन्हाळ्यात, मातीच्या कुंडीत आठवडा ते दहा दिवस. थंडीत, कमी उजेडात, प्लॅस्टिकच्या कुंडीत महिनासुद्धा. वारानं पाणी देण्यापेक्षा मी आता उदबत्तीची रिकामी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसते. ती कोरडी आणि स्वच्छ बाहेर आली तरच पाणी, आणि दिलं तर तळातून वाहीपर्यंत. अ‍ॅटेन्युएटाला थोडं अधिक पाणी आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा लागतो. दोघांना एकाच मापानं वागवता येत नाही.

या सगळ्यातून एक प्रश्न माझ्या कामाचा निघाला : कुठलं पान? खालचं एखादं पान हळूहळू पिवळं पडून वाळलं, तर बहुतेक वेळा ते म्हातारं झालेलं असतं. त्यातलं पाणी आणि अन्न झाड वर ओढून घेतं. सगळ्या पानांवर सारख्या सुरकुत्या असतील, तर काडी घालून माती पाहायची. माती कोरडी असेल तर पाणी द्यायचं, ओली असेल तर झाड उपसून मुळं पाहायची. बुंध्याशी पान मऊ, पाणचट लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. मधला कोंब पिवळा पडून सहज हलत असेल, तर कूज गाभ्यात पोहोचलेली असते. पानं लांब, फिकट होऊन पसरायला लागली, तर त्याला उजेड कमी पडतोय. अचानक पांढरट, कागदासारखे डाग उमटले, तर ते उन्हाने भाजलंय. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आलेलं झाड थेट पश्चिमेच्या उन्हात ठेवलं की असं होतं. सकाळच्या उन्हापासून सुरुवात करून त्याला हळूहळू सरावू द्यावं लागतं.

असं पान न् पान बघताना एक गोष्ट दिसली आणि मी खरोखर हरखून गेले. अमेरिकानाच्या पानावर काट्यांच्या रांगेची फिकट नक्षी उमटलेली असते. कोवळेपणी सगळी पानं मधल्या कोंबात एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. तेव्हा एकाच्या काटेरी कडेचा ठसा दुसऱ्यावर बसतो. पान उलगडून वेगळं झालं तरी तो ठसा पुसला जात नाही. आता नवं पान सुटायला लागलं की मी आधी ही नक्षी पाहते.

जपायच्या गोष्टीही आहेत. पान कापलं की निघणाऱ्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तो कातडीला लागला तर खाज सुटते, पुरळ येतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काटेरी झाड ये-जा करण्याच्या वाटेवर किंवा लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नये. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं तो पुसून काढता येतो.

फुलोऱ्याचं ऐकून मला सुरुवातीला वाईट वाटलं होतं. अमेरिकाना आयुष्यात एकदाच फुलतं, साधारण दहा ते तीस वर्षांनी. दांडा सहा-आठ मीटर उंच जातो आणि फुलून झालं की ते झाड मरतं. कुंडीत तर ही वेळ येईलच असं नाही. पण त्याआधी ते बुंध्याशी पिल्लं देत राहतं. माझ्या कुंडीतही मातीतून एक टोकदार कोंब वर आलाय. त्याला स्वतःची मुळं फुटेपर्यंत मी तो वेगळा करणार नाही.

नव्यानं हे झाड आणणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं एवढंच. आणल्यावर आठवडाभरात ते कुंडीतून काढून मुळांजवळ काय भरलंय ते पाहा. पावसाळ्यापूर्वी ते छपराखाली, पण उजेडात घ्या. कोकणात असाल तर हे विसरूच नका. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर कुंडी तिरपी करून काढून टाका. आणि पाणी द्यावं की नको अशी शंका आली, तर देऊ नका. तहानलेलं अगेव्ह पाणी मिळाल्यावर पुन्हा भरून येतं. गाभा कुजलेलं झाड सहसा परत येत नाही.