सराय, बगीचा आणि मुसाफिर

इस्तंबूलला जाऊन आलेली माणसे सुलेमानिये मशिदीचा घुमट, तोपकापी राजवाडा आणि बाजारातले दिवे यांबद्दल भरभरून सांगतात. आम्हीही ते सगळे पाहिले. पण आमच्या घरात सोळा वर्षांचा फुटबॉलवेडा मुलगा आहे. त्याच्यामुळे आमचा या शहराशी परिचय झाला तो तिथल्या फुटबॉल क्लबांच्या वाटेने. ती वाट आम्हाला बरेच काही शिकवून गेली, म्हणून आज त्याच वाटेबद्दल लिहितो.

पहिल्या दिवसापासून धाकटीने एक वही धरली होती. दुकानांच्या पाट्यांवरचे ओळखीचे शब्द ती त्यात टिपून घेत असे. तुर्की लिपी रोमन असली तरी शब्द आपल्या घरातले निघतात. चौकाला तिथे ‘मेयदान’ म्हणतात; ते आपले मैदान. क्लबच्या पाठीराख्याला ‘तराफतार’ म्हणतात. तो आपला तरफदार. गॅलाटासराय या क्लबच्या नावातला ‘सराय’ आणि फेनरबाहचे या क्लबच्या नावातला ‘बाहचे’, म्हणजे बगीचा, हेही आपलेच. फरक एवढाच की, आपल्याकडे सराय म्हणजे प्रवाशांनी रात्र काढण्याची जागा आणि तिथे सराय म्हणजे राजवाडा. वहीतला सर्वांत गोड शब्द मात्र ‘मिसाफिर’. आपण ज्याला मुसाफिर म्हणतो, तो वाटेवरचा माणूस. तुर्कांनी हाच शब्द पाहुण्यासाठी ठेवला आहे. न सांगता दारात आलेल्या पाहुण्याला ते ‘तान्री मिसाफिरी’ म्हणतात, म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा. प्रवासी दारात आला की तो पाहुणा झाला, असा सरळ हिशेब. हा शब्द पुढे आम्हाला फार आठवला.

तिसऱ्या दिवशी एमिनोनूच्या धक्क्यावरून आम्ही काडकोयला जाणारी बोट पकडली. वीसेक मिनिटांचा प्रवास. कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यातून काळा चहा येतो, लोक सिमितचे तुकडे हवेत फेकतात आणि सीगल पक्षी ते वरच्या वर टिपतात. बोट सुटते ती युरोपातून आणि लागते आशियात. मधल्या सामुद्रधुनीने एका शहराचे दोन खंड केले आहेत. मुलगा म्हणाला, “गंमत बघा, फेनरबाहचेचे स्टेडियम आशियात आहे, पण क्लब खेळतो युरोपच्या स्पर्धेत!”

गंमत खरी, पण तिच्यामागे एका देशाची जुनी ओढ आहे. गॅलाटासराय १९५६ मध्ये युरोपियन कपमध्ये उतरला. तिथे खेळणारा तो पहिला तुर्की क्लब. तुर्की फुटबॉल संघटनेला युरोपच्या महासंघाचे सदस्यत्व मिळाले ते १९६२ मध्ये. म्हणजे क्लब आधी मैदानात पोहोचले आणि कागद मागाहून आले. “तुम्ही नक्की कुठले, आमचे की तिकडचे?” हा प्रश्न तुर्कांना युरोपात वारंवार ऐकावा लागला आहे. त्याचे उत्तर देण्याची एक जागा त्यांना मिळाली ती नव्वद मिनिटांच्या सामन्यात. त्यामुळे तिथे युरोपातला सामना हा नुसता खेळ राहत नाही. तो आब राखण्याचा मामला होतो.

काडकोयच्या धक्क्यापासून बैलाच्या प्रसिद्ध पुतळ्यावरून चालत गेले की शुक्रू सराजोग्लू स्टेडियम येते. आसपास घरे, बेकऱ्या, शाळा. वस्तीच्या मधोमध असे स्टेडियम उभे असले की सामन्याच्या दिवशी सगळा मोहल्लाच निळ्या-पिवळ्या रंगात न्हाऊन निघतो. फेनरबाहचे १९०७ चा. १९६८ मध्ये याच क्लबने इंग्लंडचा विजेता मँचेस्टर सिटी इस्तंबूलला आला असता त्याला २-१ असे हरवून युरोपियन कपमधून बाहेर काढले. १९९६ मध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर १-० असे हरवले. युरोपच्या स्पर्धांमध्ये युनायटेड घरच्या मैदानावर चाळीस वर्षे हरला नव्हता. गोल करणारा एल्व्हिर बोलिच बोस्नियाचा होता. बोस्नियाचे युद्ध संपून तेव्हा वर्षही झाले नव्हते.

२००८ मध्ये हाच क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. इस्तंबूलच्या सामन्यात त्याने चेल्सीला २-१ ने हरवले, पण लंडनला २-० ने हरून तो बाहेर पडला. तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. हेच झिको २०१४ ते २०१६ या काळात आपल्या एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. पुढे २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गटसाखळी खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर पहिल्याच सामन्यात त्याने कतारच्या अल रय्यानला शून्य बरोबरीत रोखले. लहान क्लबाला मोठ्या खंडाच्या दारात उभे राहताना काय वाटते, हे आपल्याकडच्या वाचकाला यावरून कळेल.

स्टेडियमजवळच्या एका चहाच्या दुकानात आम्ही टेकलो. मालक साठीच्या घरातले, भिंतीवर फेनरबाहचेचे जुने फोटो. तुर्कीत वडीलधाऱ्या माणसाला ‘अम्जा’ म्हणतात, म्हणजे काका. मुलानेही त्यांना तीच हाक मारली आणि ते खूश झाले. मोडक्या इंग्रजीत आणि मोबाईलच्या अनुवादात गप्पा सुरू झाल्या. मुलाने विचारले, “अम्जा, २००० साली गॅलाटासरायने कप जिंकला तेव्हा तुम्ही काय केलेत?” ते हसले. म्हणाले, “दुकान लवकर बंद केले. मग घरी जाऊन शेवटपर्यंत पाहिले. बायकोला सांगू नका असे मुलांना बजावले.”

ती २००० ची गोष्ट मुळातून सांगायला हवी. १७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे मार्मारा भागात मोठा भूकंप झाला. सरकारी आकड्यानुसारच सतरा हजारांहून अधिक माणसे गेली. त्याच हंगामात गॅलाटासराय चॅम्पियन्स लीगच्या गटात तिसरा आला आणि नियमाप्रमाणे युएफा कपमध्ये उतरला. बोलोन्या, बोरुसिया डॉर्टमुंड, मायोर्का आणि लीड्स यांना मागे टाकत तो अंतिम सामन्यात पोहोचला. भूकंपाला बरोबर नऊ महिने झाले त्या दिवशी, १७ मे २००० रोजी, कोपनहेगनमध्ये समोर आर्सेनल होता. जादा वेळेत गॅलाटासरायचा हागी लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी दहा जणांनी गोल होऊ दिला नाही. पेनल्टीवर ४-१ असा निकाल लागला. युरोपातला मोठा कप तुर्कस्तानात पहिल्यांदाच आला. तीन महिन्यांनी त्यांनी रिआल माद्रिदला हरवून सुपर कपही आणला. तेव्हापासून त्यांचे पाठीराखे स्वतःच्या क्लबला ‘युरोपचा फातिह’ म्हणतात. प्रशिक्षकांचे नावही फातिह तेरीम!

अम्जांनी आणखी एक गोष्ट समजावली. युरोपच्या स्पर्धेत कुठल्या देशाचे किती क्लब घ्यायचे, हे त्या देशाच्या सगळ्या क्लबांनी मिळून पाच वर्षांत कमावलेल्या गुणांवर ठरते. म्हणजे गॅलाटासराय जिंकला की फेनरबाहचेची वाटही रुंद होते. दूर काळ्या समुद्रावरच्या त्राबझोनस्पोरने १९७६ मध्ये लिव्हरपूलला आपल्या गावात १-० ने हरवले होते. असे दूरच्या गावचे यशही देशाच्या खात्यात जमा होते. घरातल्या भावाभावांसारखे आहे हे. आपसात बोलणे नसले तरी सातबारा एकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्तिकलाल रस्त्यावर गेलो. त्या रस्त्याच्या मध्यावर गॅलाटासराय शाळेचे उंच लोखंडी फाटक आहे. याच शाळेतल्या मुलांनी १९०५ मध्ये क्लब काढला. मुलाने फाटकासमोर फोटो काढले. तिथून दहाएक मिनिटांत आम्ही तकसीमच्या मेयदानात पोहोचलो आणि तिथे आमचे बोलणे वेगळ्या वळणाला लागले.

गॅलाटासरायच्या जुन्या स्टेडियमला लोक ‘जेहेन्नेम’ म्हणत, म्हणजे जहन्नम. १९९३ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ इस्तंबूलला उतरला तेव्हा ‘जहन्नममध्ये स्वागत’ अशा अर्थाचे इंग्रजी फलक त्यांच्यासमोर धरले गेले. मुलाच्या मोबाईलमध्ये ते छायाचित्र होते. तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, “असं घाबरवलं, म्हणून तर युनायटेड बाहेर गेला!” युनायटेड बाहेर गेला हे खरे.

आम्ही त्याला त्याच्या कपाच्या वर्षातली दुसरी तारीख सांगितली. ५ एप्रिल २०००. लीड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याची आदली रात्र. इंग्लंडहून सामना पाहायला आलेले दोन पाठीराखे याच तकसीमच्या परिसरात झालेल्या मारामारीत चाकूच्या वारांनी मरण पावले. दुसऱ्या दिवशी सामना झाला, गॅलाटासराय २-० ने जिंकला. कपाच्या आनंदात ती दोन नावे मागे पडली. त्यांच्या घरी ती पडली नसणार.

मुलगा लगेच म्हणाला, “पण अम्मी, फलक धरणाऱ्यांनी थोडंच मारलं? आणि दोन-चार जणांनी केलं म्हणून सगळं शहर वाईट कसं?”

त्याचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता. दोन-चार जणांच्या गुन्ह्याचे खापर सगळ्यांच्या डोक्यावर फुटले की काय वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आम्ही त्याला तसे कबूल केले. सगळ्या शहराला दोष देणे अन्यायच. पण आपल्यातल्यांनी केले म्हणून त्यावर गप्प बसणे, हाही न्याय नव्हे. ज्या भाषेत वाटसरूला पाहुणा म्हणतात, त्याच भाषेत पाहुण्याला जहन्नम दाखवायचे, ही थट्टा आहे असे समजले तरी ती थट्टा किती लांब न्यायची? फलक धरणारा हात आणि चाकू धरणारा हात वेगळे असतात. पण पाहुण्याला शत्रू म्हणण्याची सवय एकदा लागली की दुसऱ्या हाताला अडवणारे कुणी उरत नाही. बराच वेळ वाद चालला. धाकटीने वहीत ‘मिसाफिर’च्या खाली ‘जेहेन्नेम’ लिहिले आणि विचारले, “दोन्ही अरबीतूनच आले ना?” दोन्ही अरबीतलेच.

याच देशाच्या क्लबांनी आणि पाठीराख्यांनी आम्हाला दुसरी बाजूही दाखवली. ८ डिसेंबर २०२० रोजी पॅरिसमध्ये इस्तंबूलच्या बाशाकशेहिर क्लबचा चॅम्पियन्स लीगचा सामना होता. बाशाकशेहिरच्या सहायक प्रशिक्षकाचा उल्लेख एका पंचाने त्यांच्या काळ्या रंगावरून केला. क्लबचा सेनेगाली खेळाडू डेम्बा बा त्याला समोर उभे राहून जाब विचारू लागला. मग तुर्की संघ मैदानाबाहेर गेला आणि पॅरिसचा संघही त्यांच्यासोबत बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी नवे पंच आणून सामना पुरा करावा लागला. बाशाकशेहिर तो ५-१ ने हरला. पण त्या रात्री यजमान आणि पाहुणे एका बाजूला उभे राहिले, हे लोकांच्या लक्षात राहिले.

आणि बेशिकताश. दोल्माबाहचे राजवाड्याजवळच्या त्यांच्या स्टेडियमवरून आम्ही संध्याकाळी गेलो. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी भूकंप झाला आणि तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. वीस दिवसांनी इथे लीगचा सामना होता. खेळ ४ मिनिटे १७ सेकंदांवर थांबवला गेला आणि प्रेक्षकांनी भूकंपग्रस्त मुलांसाठी आणलेली हजारो खेळणी, टोप्या, मफलर मैदानात टाकले. भालू, ससे, बाहुल्या. तरफदारी अशीही असते.

परतीच्या आदल्या रात्री गॅलाटासरायचा युरोपातला सामना होता. आम्ही पुन्हा काडकोयला अम्जांच्या दुकानात गेलो. उशिराचे सामने तिथे रात्री दहा-अकराला सुरू होतात. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. टीव्ही सुरू होता, पण आवाज बंद. ही अम्जांची तडजोड. तेवढ्यात पाहुण्या संघाची मफलर घातलेली दोन तरुण मुले बोटीचा धक्का विचारत आत आली. शेवटची बोट निघून गेली होती. अम्जांनी त्यांना बसवले, चहा दिला, एका कागदावर मार्मारायच्या भुयारी रेल्वेचे स्टेशन लिहून दिले आणि कोपऱ्यापर्यंत सोबत गेले. चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आमचेही घेतले नाहीत.

मुलगा गॅलाटासरायची जर्सी घेऊन आला आहे. कोल्हापूरला मामांकडे गेला की तिथल्या तालमींच्या सामन्यांत तो पेठेसाठी घसा कोरडा करतो, तसाच आता रात्री दीड वाजता उठून इस्तंबूलसाठी ओरडतो. आम्ही त्याला अडवत नाही. फक्त समोरच्या संघाच्या नावाने घोषणा सुरू झाली की धाकटी खोलीतूनच वहीतला शब्द ओरडते: “मिसाफिर!”