जिन्यांतला दिवा

जिन्यांतला दिवा कोणाचा, हा प्रश्न वाड्यांत राहणाऱ्या माणसाला कधीं पडत नाहीं. वाडा मालकाचा, म्हणून दिवाहि मालकाचा. तो विझला तर भाडेकरूनें मालकाच्या नांवानें बोटें मोडावीं आणि मालकानें भाडेकरूच्या, असा तो सरळ व्यवहार असतो. परंतु धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गांवींहि चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या, त्यांत सोळा-सोळा कुटुंबें आपापल्या फ्लॅटचीं मालक होऊन राहावयास आलीं, आणि या प्रश्नाला एकाएकीं धार आली. आम्ही स्वतः अशाच एका इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहतों. २०१९ सालीं पाटबंधारे खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही घरीं बसलों, त्याच महिन्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाचा दिवा गेला. तो तीन आठवडे गेलेलाच राहिला. सोळा मालक रोज त्या अंधारांतून भिंत चांचपीत वर जात, आणि आपल्या उंबऱ्यापाशीं पोहोंचल्यावर हुश्श करून आपला दिवा लावीत. शेवटीं आमच्या घरांतून हुकूम झाला, "आतां रिकामेच आहांत, तर तेवढा बल्ब तरी बसवा." आमच्या उद्योगाचा जन्म तो हा.

'उद्योग' हा शब्द वापरतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. बल्बामागून पाण्याची मोटार आली, मोटारीमागून गच्चीवरच्या टाकीची सफाई आली. नळाचीं व विजेचीं कामें शिकून रिकाम्या फिरणाऱ्या आमच्या भाच्यालाहि काम झालें. शेजारच्या इमारतीचे चिटणीस हिशेबाला व टोमण्यांना वैतागले होते. त्यांनीं आपली वही होऊन आमच्या स्वाधीन केली. भांडवल म्हणाल तर एक शिडी, एक जाड खतावणी आणि भाच्याची फटफटी. मोबदला दर घरामागें दरमहा दीडशें रुपये. दोन वर्षांत चार इमारती आमच्याकडे आल्या. मोठ्या शहरांत अशा व्यवस्थेच्या कंपन्या असतात, त्यांचे गणवेष घातलेले नोकर असतात. आम्हांस येथें 'मेंटेनन्सवाले काका' म्हणतात, आणि त्या हाकेंत मान किती व तगादा किती, हें त्या दिवशींच्या नळाच्या धारेवर अवलंबून असतें.

शेजारच्या इमारतींत लिफ्ट आहे. तिचा खर्च सर्वांनीं सारखा सोसावा, मग कोणी ती वापरो वा न वापरो, असें गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. तेथील तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "मी लिफ्टनें जाऊं कुठें? पाताळांत?" या प्रश्नाला उपविधींत उत्तर नाहीं, आणि आमच्यापाशींहि नव्हतें. सहा महिने त्यांनीं लिफ्टचा पैसा दिला नाहीं. सातव्या महिन्यांत त्यांच्या पुतणीची हळद गच्चीवर ठरली, गुडघे धरलेल्या आईला वर न्यावें लागलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सगळी थकबाकी चुकती झाली.

ही सगळी आजच्या काळाची कटकट, असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. मुंबईस गांवदेवीला सारस्वत मंडळींनीं आपली सहकारी गृहसंस्था १९१५ सालींच काढली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांची ती खटपट. म्हणजे एका छपराखालीं मालकी वांटून राहण्याचा अभ्यास आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. पुढें १९६३ च्या कायद्यानें, घरें घेणाऱ्यांची संस्था स्थापणें आणि जमीन व इमारत तिच्या नांवें करून देणें, हीं कर्तव्यें बिल्डरावर घातलीं. आमच्या चार इमारतींपैकीं एकीची संस्थाच नव्हती, आणि दोहोंची जमीन बिल्डराच्याच नांवें होती. बांधकामाच्या खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दर वर्षीं सिंकिंग फंडांत टाकावी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीच्या वेळीं हात पसरावा लागत नाहीं, असेंहि उपविधी सांगतात. तो फंड आम्हांस एकाहि इमारतींत आढळला नाहीं. एके ठिकाणीं प्रवेशद्वाराला संगमरवर मात्र आढळला.

पाण्याची गोष्ट आमच्या जिल्ह्यांत विनोदानें सांगतां येत नाहीं. शहराला पाणी पार उजनीच्या धरणांतून यावयाचें. एका उन्हाळ्यांत आमच्या गल्लींतला नळ कधीं सहाव्या, तर कधीं आठव्या दिवशीं येई, आणि मधल्या दिवसांत टँकर. टँकर भरून आला कीं अर्धा आला, रात्रीं मोटार कोणी लावली, कोणाकडे पाहुणे फार, यावरून सख्खे शेजारी एकमेकांशीं बोलेनासे झाले. आम्हीं हौदांत खुणा केलेला एक वेळू उभा केला, आणि टँकर रिकामा होण्यापूर्वीची व नंतरची खूण, तारीख आणि दिलेले पैसे त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या दिव्याखालीं पाटीवर लिहूं लागलों. पाणी तेवढेंच राहिलें, पण भांडणें निम्मीं झालीं. कारकुनी फुकट गेली नाहीं असें त्या दिवसांत प्रथमच वाटलें.

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवरील बांधाच्या पोटांत, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचा पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आंत माणूस कोरडा उभा राहतो. आमच्या अठरा वर्षांच्या इमारतींत मात्र वरच्याच्या न्हाणीघराचें पाणी खालच्याच्या देवघरांत उतरतें. अशीच एक गळती शोधीत भाचा तळाला, मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत पोहोंचला, आणि सांडपाण्याचा एक नळ वर्षानुवर्षें खांबांवर झिरपत असल्याचें त्यास दिसलें. पंधरा वर्षांवरील इमारतीची दर पांच वर्षांनीं तपासणी करावी, असा नियम आहे. आमच्या इमारतीची एकदांहि झाली नव्हती. सोलापुराहून एक अभियंता आणविले. त्यांनीं हातोडीनें ठोकून पाहिलें, गिलावा सोलून काढला. आंतलें लोखंड गंजून फुगलें होतें, आणि फुगणारा गंज काँक्रीटला आंतूनच फोडीत होता. तीन खांब तसे निघाले. ताबडतोब टेकू द्यावेत व खांबांना नव्या लोखंडाचें आणि काँक्रीटचें कवच घालावें, असा लेखी अहवाल ते आमच्या हातीं देऊन गेले.

दुसऱ्या मजल्यावर, त्या दिव्यासमोरच, एक निवृत्त शिक्षिका राहतात. सर्वजण त्यांना बाई म्हणतात. मुलीच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांनीं फ्लॅट विकावयास काढला होता, इसार झाला होता, खरेदीखत व्हावयाचें होतें. अहवालाची कुणकुण लागतांच त्या वर आल्या. "भाऊ, दोन महिने तो कागद तुमच्या कपाटांत राहूं द्या. अठरा वर्षं उभी आहे इमारत. दोन महिन्यांत काय होतंय तिला?" आम्हीं हो म्हटलें नाहीं, आणि नाहींहि म्हटलें नाहीं. खरें सांगावयाचें तर अहवाल चार दिवस आमच्या कपाटांतच राहिला. आमचाहि फ्लॅट त्याच खांबांवर उभा आहे, आणि त्याची किंमत हीच आमच्या म्हातारपणाची पुंजी आहे, हा विचार त्या चार दिवसांत मनांत आला नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं.

आमचें आजोळ लोहारा तालुक्यांत सास्तुराजवळच्या एका खेड्यांत होतें. मामांच्या घराच्या भिंती अडीच हात रुंद, दगडमातीच्या. वर मातीचें माळवद. उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटलें होतें, आणि गवंड्यानें तें दाखविलेंहि होतें. त्या वर्षीं गणपतींत आम्ही तेथें गेलों तेव्हां मामा म्हणाले, "दिवाळी झाली कीं उतरून घेऊं." अनंतचतुर्दशीचें विसर्जन करून गांव निजलें, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चारच्या सुमारास भूकंप झाला. भिंत आंतल्या बाजूला पडली. मामी बाहेरच्या ओसरीवर होत्या, त्या वांचल्या. ती भिंत आधीं उतरविली असती तर मामा वांचले असते, असें आम्हीं कधीं कोणास सांगितलें नाहीं. त्या पहांटे पोट न सुटलेल्या भिंतीहि हजारों लोकांवर पडल्या. तरी दिवाळीचे ते शब्द चौथ्या रात्रीं आम्हांस झोंपूं देईनात.

पांचव्या दिवशीं सकाळीं अहवाल टँकरच्या पाटीशेजारीं लागला. बाईंच्या गिऱ्हाइकानें इसार परत मागितला. समितीच्या अध्यक्षांनीं आम्हांस विचारलें कीं, हें करण्याचा अधिकार तुम्हांस दिला कोणी? प्रश्न रास्त होता. करारानें आम्ही दिव्याचे, नळाचे आणि हिशेबाचे. संगमरवरवाल्या इमारतीनें 'असला माणूस आपल्याला नको' म्हणून त्याच महिन्यांत आमच्याकडील काम काढून घेतलें. टेकू मात्र आठ दिवसांत लागले आणि चार महिन्यांत खांब झाले. फंड नसल्यामुळें दर घरावर बेचाळीस हजार रुपये बसले. कोणी मुदतठेव मोडली, कोणी पाटल्या गहाण ठेवल्या. बाईंनीं आपला वांटा तीन हप्त्यांत दिला. मुलीची शस्त्रक्रिया त्यांनीं पतसंस्थेचें कर्ज काढून केली. आमचे दीडशें रुपये त्यांना माफ करावे म्हणून आम्हीं भाच्याकडून निरोप धाडला, तो त्यांनीं तसाच परत धाडला.

बाई अजून तेथेंच राहतात. महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या वर्गणीचें पाकीट भाच्याच्या हातीं येतें. मोजून घ्यावें लागत नाहीं. जिन्यांत समोरासमोर आलों तर त्या भिंतीकडे सरून वाट देतात, बोलत नाहींत. गेल्या आषाढांत त्यांच्या दारासमोरचा दिवा पुन्हां गेला. भाचा बाहेरगांवीं होता, म्हणून शिडी घेऊन आम्हीच गेलों. वळणावरची फरशी उंचसखल आहे. शिडी डुगडुगत होती. बाईंनीं दार उघडलें, क्षणभर पाहिलें, आणि बाहेर येऊन शिडीचा एक पाय दोन्ही हातांनीं दाबून धरला. बल्ब बसला, उजेड पडला, तशा त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या आणि त्यांनीं दार लावून घेतलें.