नदीपात्रात ठिणग्या

गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना पुण्यात असाल, तर संध्याकाळी भिडे पुलाच्या आसपास नक्की उतरा. पत्ता विचारायची गरज नाही, कानच वाट दाखवतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूल पाण्याखाली जातो, तेवढं बघून निघा. आणि हो, कानात इअरप्लगचे फोमचे बोळे घाला. ते का, ते सांगतेच.

माझे बाबा तरुणपणी ताशा वाजवायचे. बोळेबिळे भानगडच नव्हती तेव्हा. आज त्यांना ढोल ऐकू येतो, ताशाची तर्री नाही. मोठ्या आवाजानं कान बिघडतात ते आधी 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ताशाची धार बरीचशी तिथलीच. म्हटलं, ऐकू येत नाही ना, मग दिसू दे!

त्यासाठी 'प्रोसेसिंग' शिकायला घेतलं. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमध्ये सुरू केलेलं, फुकट मिळणारं, मास कॉमवालीलाही झेपणारं. पहिल्या दिवशी एक गोल काढला. तिसऱ्या दिवशी तो गाण्यावर फुगायला लागला. एवढं सोपं? छे! नदीपात्रात पथकाच्या शेडपाशी लॅपटॉप उघडला आणि स्क्रीन नुसती पांढरीफटक. इतक्या ढोलांपुढे बिचाऱ्या माइकनं मानच टाकली. गेन खाली आणला, माइक लांब ठेवला, तेव्हा कुठे चित्र दिसलं.

पुढचं काम 'एफएफटी' नावाच्या गणिताचं. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने येतात. त्यातले 1,024 उचलायचे, म्हणजे जेमतेम 23 मिलिसेकंद, आणि त्यांचे सुमारे 43 हर्ट्झचे कप्पे करायचे. खालचे कप्पे ढोलाचे, त्यांची लाल वर्तुळं. वरचे ताशाचे, त्यांच्या पिवळ्या ठिणग्या. चित्र थरथरू नये म्हणून मागच्या काही फ्रेम्सची सरासरी घेतली. एकदम गुळगुळीत! मी जाम खूश.

शनिवारी बाबांना घेऊन गेले. ताशावर हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी होती. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. स्क्रीनकडे कमी, तिच्या हातांकडेच जास्त बघत होते. मग म्हणाले, "काडी आधी पडतेय, ठिणगी मागून येतेय. असा ताशा आमच्या पथकात चालला नसता."

घोळ सरासरीचा होता. तिच्यामुळे प्रत्येक ठिणगी रेंगाळत होती. तिथेच, छत्रीखाली उकिडवं बसून, ताशाची सरासरी काढून टाकली, ढोलाची ठेवली. चित्र जरा खडबडीत झालं. पण बाबांची दोन बोटं गुडघ्यावर चालायला लागली, थेट तर्रीच्या लयीत.

"टोल कुठाय?" त्यांनी विचारलं. "त्याचं पण काहीतरी कर."