नवऱ्याची साक्ष

शनिवारची रात्र. ऐंशीच्या घरातला एक म्हातारा शेतकरी चुलीपुढे बसला आहे. बायको म्हणते, आता झोपायला चला. तो म्हणतो, आधी प्रार्थना करतो. पण प्रार्थनेला बसल्यावर त्याला शब्दच सुचत नाहीत, तोंडच उघडत नाही. बायकोच्या ते लक्षात येते. ती त्याच्याकडे येऊ लागते. थोड्या वेळाने त्याला जमेल तशी प्रार्थना होते आणि दिवस संपतो.

कोणत्याही म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात घडावी आणि सकाळी विसरली जावी, इतकी ही साधी गोष्ट. पण पाचच दिवसांनी, २४ मार्च १६९२ रोजी, त्या म्हाताऱ्याने ती जबानीत सांगितली. जबानी होती स्वतःच्या बायकोविरुद्ध आणि तिच्यावर आरोप होता चेटूक केल्याचा! सहा महिन्यांनी ती फासावर गेली. तिच्या तीन दिवस आधी त्यालाही मरण आले आणि ते फाशीहूनही भयंकर होते.

म्हाताऱ्याचे नाव जाईल्स कोरी, बायकोचे मार्था. गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे सेलम. त्या काळी ती इंग्रजांची वसाहत होती आणि तिथे वस्ती होती प्युरिटन पंथाच्या लोकांची. हे लोक कष्टाळू, देवभीरू आणि कमालीचे कडक. कुटुंब म्हणजे त्यांच्या लेखी एक लहानसे देऊळच. नवरा त्या घराचा प्रमुख, घरातली प्रार्थना चालवणे हे त्याचे कर्तव्य. अशा घरातल्या कर्त्या पुरुषाला ऐन प्रार्थनेच्या वेळी वाचा फुटू नये, याची त्याला केवढी धास्ती वाटली असेल, हे यावरून कळते.

संशयाची साथ

१६९२ च्या जानेवारीत सेलम गावचे धर्मगुरू सॅम्युअल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची विचित्र वागू लागल्या. त्या किंचाळत, अंग पिळवटून घेत, कोणी टोचते-चावते आहे असे ओरडत. औषधांचा गुण येईना, तेव्हा हा दुष्ट शक्तीचा खेळ आहे असे निदान झाले. तुम्हाला छळते कोण, असे मुलींना पुन्हा पुन्हा विचारण्यात आले आणि त्यांनी तीन बायकांची नावे घेतली. एक घरातली गुलाम तितुबा, दुसरी दारोदार मागत फिरणारी सारा गुड आणि तिसरी आजारी सारा ऑस्बर्न. तिघीही अशा, की ज्यांची बाजू घ्यायला कोणी पुढे येणार नाही.

वसाहतीचे दिवसही वाईट होते. सरहद्दीवर लढाया चालू होत्या, गावात जमिनीवरून आणि चर्चवरून जुनी भांडणे होती. भ्यालेल्या माणसाला भीतीचे कारण एखाद्या चेहऱ्यात सापडले की हायसे वाटते. सेलमला असे चेहरे सापडत गेले.

१ मार्चला त्या तिघींची जाहीर चौकशी ठेवली होती. सारा गाव बघायला लोटला. जाईल्सलाही जायचे होते. मार्थाला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. त्याने जाऊ नये म्हणून तिने घोड्यावरचे खोगीर उतरवून ठेवले. नवरा तरीही गेला. घराघरांत असे रुसवे-फुगवे होतच असतात. पण या खोगिराची गोष्ट गावभर झाली. चेटकिणी शोधण्याच्या कामात ही बाई आडवी का येते, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

मार्था चर्चची रीतसर सदस्य होती, श्रद्धाळू होती. पण तोंडाची फटकळ होती आणि स्वतःच्या अकलेवर तिचा विश्वास होता. जाईल्सची ही तिसरी बायको. लग्नाआधी विवाहबाह्य संबंधातून तिला एक मुलगा झालेला होता आणि गाव ते विसरले नव्हते. जाईल्सही काही संत नव्हता. सोळा-सतरा वर्षांपूर्वी त्याने आपल्या एका नोकराला इतके मारले होते, की तो दगावला. तेव्हा दंडावर त्याची सुटका झाली होती. दोघांच्याही मागे भूतकाळ होता आणि तो उकरून काढायला लोक तयारच होते.

एक प्रश्न, एक नकार

ॲन पटनम नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने मार्थाचे नाव घेतले. १२ मार्चला चर्चची दोन माणसे मार्थाकडे निघाली. जाण्याआधी त्यांनी ॲनला विचारले, मार्थाचे भूत दिसते तेव्हा तिच्या अंगावर कोणते कपडे असतात? ॲन म्हणाली, तिने मला आंधळे केले आहे, दिसत नाही. माणसे घरी आली तर मार्था हसून म्हणाली, तुम्ही का आलात ते मला ठाऊक आहे. आणि वर तिनेच विचारले, माझ्या अंगावर काय कपडे आहेत ते त्या पोरीने सांगितले का?

तिचा हेतू त्या पोरीचे खोटे उघडे पाडण्याचा होता. पण आलेल्या माणसांच्या अंगावर काटा आला. कपड्यांचे हिला कळले कसे?

सोमवारी, २१ मार्चला मार्थाला सभागृहात उभे केले. न्यायाधीश होते जॉन हॅथॉर्न. त्यांचा रोख सुरुवातीपासूनच आरोपी दोषी आहे असा असे. ती ओठ चावे, तर मुली ओरडत की आम्हाला चावते आहे. मी देवाची भक्त आहे असे ती म्हणे, तर मुली तिची टर उडवत. हॅथॉर्ननी तोच प्रश्न लावून धरला. कपड्यांची गोष्ट तुला कोणी सांगितली? मार्था म्हणाली, माझ्या नवऱ्याने सांगितले.

हॅथॉर्न जाईल्सकडे वळले. तुम्ही तिला सांगितले का?

म्हातारा म्हणाला, नाही.

चौकशीच्या नोंदीत ही फार तर दोन-तीन ओळींची जागा आहे. पण या साऱ्या प्रकरणातले सगळ्यात जड क्षण मोजायचे तर त्यात हा एक धरावा लागेल. भरल्या सभागृहात एकटी पडलेली बाई ज्या एका माणसाकडे बोट दाखवते, तोच मान हलवतो. त्याने खरेच सांगितले नव्हते, की सांगून विसरला होता, की घाबरला होता, हे कोणालाच कळणार नाही. मार्थाला तुरुंगात धाडण्यात आले.

बैल, मांजर आणि मूक प्रार्थना

तीनच दिवसांनी जाईल्सने ती जबानी दिली. ती आजही उपलब्ध आहे आणि वाचणाऱ्याला बेचैन करते, कारण तिच्यात बायकोला चेटकीण म्हटलेले नाही. त्याने फक्त घरातल्या चार गोष्टी सांगितल्या. प्रार्थनेच्या वेळी शब्द सुचले नाहीत. रानातून धडधाकट आणलेला बैल अंगणात बसला तो उठेना, मागचा भाग फरफटवू लागला, मग उठला. मांजर एकाएकी मरायला टेकले. बायको म्हणाली, डोक्यात घालून मारून टाका. त्याने मारले नाही आणि ते बरे झाले. आणि शेवटची गोष्ट अशी, की तो झोपायला गेल्यावर बायको मागे बसून राहते, चुलीपुढे गुडघे टेकते. प्रार्थनाच करत असावी असे दिसते, पण शब्द ऐकू येत नाहीत.

यात गुन्हा कुठे आहे? बैल दुखावला आणि बरा झाला. मांजरही बरे झाले. नवरा निजल्यावर म्हाताऱ्या बाईने मनातल्या मनात देवाचे नाव घेतले. महिन्याभरापूर्वी हे सारे त्याने पाहिले असते, तर त्याच्या ध्यानातही राहिले नसते. पण एकदा संशयाचा चष्मा डोळ्यांवर चढला, की बायकोचे मौनही पुरावा होते आणि तिचा सल्लाही. संशयाला नवे काही शोधावे लागत नाही. घरात आधीपासून असलेल्या गोष्टीच तो वेगळ्या क्रमाने मांडून दाखवतो.

नवरा-बायको एकमेकांना जितके पाहतात, तितके जगात दुसरे कोणी पाहत नाही. कोण केव्हा झोपले, कोण कशाला दचकले, कोणाच्या तोंडून रागात काय गेले, हे सारे संसारात विश्वासाने एकमेकांच्या हवाली केलेले असते. जाईल्सने ती ठेव चव्हाट्यावर आणून ठेवली.

असे वागणारा तो एकटाच नव्हता. सारा गुडचा नवरा विल्यम याने तर भर चौकशीत सांगितले होते, की ती चेटकीण आहे किंवा लवकरच होईल, अशी मला भीती वाटते. कारण काय, तर ती माझ्याशी नीट वागत नाही! सारा फासावर गेली, तिचे तान्हे मूल तुरुंगात मेले. तिची चार-पाच वर्षांची मुलगीही कित्येक महिने बेड्यांत होती आणि पुढे कधीच सावरली नाही. नंतर सरकारने भरपाई दिली, तेव्हा ३० पौंड घ्यायला विल्यमच हजर होता.

पण त्याच गावात दुसऱ्या तऱ्हेचे नवरेही होते. वृद्ध रेबेका नर्सवर आरोप आला, तेव्हा तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांनी सह्या केल्या आणि तिचा नवरा फ्रान्सिस अखेरपर्यंत तिच्यासाठी झटला. जॉन प्रॉक्टर बायकोच्या बाजूने उभा राहिला आणि स्वतःच आरोपी झाला. जहाजाचा कप्तान नॅथॅनियल कॅरी याने बायकोला पळून जायला मदत केली आणि दोघे वाचले.

रेबेका मात्र वाचली नाही. तिला १९ जुलैला फाशी झाली. जॉन प्रॉक्टरही १९ ऑगस्टला फासावर गेला. बायको गरोदर असल्याने तिची फाशी लांबली आणि ती वाचली. तेव्हा जाईल्सने त्या दिवशी ‘हो’ म्हटले असते तर मार्था सुटली असती, असे म्हणता येणार नाही. पण रेबेकाला मरताना एक गोष्ट ठाऊक होती. सारे जग उलटले तरी आपल्या घरातला माणूस उलटला नाही. मार्थाच्या वाट्याला एवढेही आले नाही.

म्हाताऱ्याचे मौन

१९ एप्रिलला खुद्द जाईल्सला सभागृहात उभे केले गेले. आता मुली त्याच्याकडे बोट दाखवून किंचाळत होत्या. त्याने हात हलवला की त्यांचे हात वळत, मान कलती केली की त्यांच्या माना कलत. बायकोच्या चौकशीत त्याने जे बसून पाहिले होते, ते आता त्याच्यावरच चालू होते. निरपराध माणसाला इथे काय वाटते, हे त्याला त्या दिवशी कळले असेल.

सप्टेंबरमध्ये मार्थाला दोषी ठरवले. तिचे चर्चचे सदस्यत्व काढून घेतल्याचे सांगायला पॅरिस काही जणांसह तुरुंगात गेले, तेव्हाही ती नमली नाही. जाईल्सने मात्र खटल्यालाच नकार दिला. मी निर्दोष आहे एवढे तो म्हणाला, पण या न्यायालयापुढे खटला चालवून घ्यायला तयार झाला नाही. त्या काळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे अशा आरोपीला आडवे पाडून त्याच्या छातीवर दगड रचत, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. जाईल्स बोलला नाही. १९ सप्टेंबरला तो मेला. ‘आणखी वजन ठेवा’ एवढेच तो म्हणत होता, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

त्याने आपली जमीन आधीच दोन जावयांच्या नावे केली होती. ती वाचावी म्हणून तो गप्प राहिला, असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, त्या न्यायालयाचा निकाल ठरलेलाच असतो हे त्याने ओळखले होते. कारण काहीही असो, ज्या न्यायालयापुढे त्याने बायकोबद्दल नको तेवढे सांगितले, त्याच न्यायालयाला पुढे त्याने स्वतःबद्दल एक शब्दही दिला नाही. २२ सप्टेंबरला मार्थाला इतर सात जणांसह फाशी दिले गेले.

ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते खास न्यायालय बंद केले. तोवर १९ जण फासावर गेले होते, जाईल्स दगडांखाली मेला होता आणि निदान पाच जण तुरुंगात दगावले होते. १६९७ मध्ये ज्यूरींनी आपली चूक लेखी कबूल केली. १७०३ मध्ये गावच्या चर्चने मार्थावरचा बहिष्कार मागे घेतला, १७१२ मध्ये सेलमच्या चर्चने जाईल्सवरचा. दोघेही पुन्हा चर्चचे झाले, पण वेगवेगळ्या वर्षी आणि मरणानंतर.

आर्थर मिलर यांनी १९५३ साली या प्रकरणावर ‘द क्रूसिबल’ हे नाटक लिहिले. त्यात संशयाने पोखरलेला संसार आहे तो प्रॉक्टर दांपत्याचा. पण त्यातले नवऱ्याचे प्रेमप्रकरण ही नाटककाराची कल्पना. कोरींच्या घरात असे काहीच नव्हते. तिथे नुसता एक बैल होता, एक मांजर होते आणि ऐकू न आलेली एक प्रार्थना होती.

हे सारे दूर देशातले आणि तीनशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांपासून झारखंडपर्यंत बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या, मारल्याच्या घटना घडत आल्या आहेत. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कायदा गावाला आवरू शकतो. पण चुलीपुढे बसलेल्या माणसाच्या मनात शिरलेला संशय आवरायला त्या घराच्या आत दोनच माणसे असतात. अशा वेळी बैल का उठत नाही, हे गावाला विचारण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारावे. जाईल्सने त्या शनिवारी तेवढे विचारले असते, तर ती काय पुटपुटते तेही त्याला कळले असते.