छपराखालचे मैदान

श्रावणाची झड लागली की परतवाड्याहून अमरावतीचा ५० किलोमीटरांचा रस्ता काही संपत नाही. आसेगावला पूर्णा गढूळ होऊन वाहत होती. वलगावला पेढीचा पूल आला. इथेच २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

बरोबर पुतणी होती. अचलपूरच्या शाळेकडून ती कबड्डी खेळते. पावसाळ्यात शाळेच्या मैदानात चिखल, आणि शालेय सामने नेमके याच दिवसांत! तिचे वडील तर म्हणत होते, हा शेवटचा हंगाम, पुढे खेळ बंद. म्हटले, पोरीला एकदा छपराखालचे मैदान तरी दाखवावे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. वैद्य बंधूंनी ते उभे केले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाच्या खेळाडूंनी तिथे कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले. मातीत घाम गाळणारी वऱ्हाडची पोरे तेव्हा समुद्रापार गेली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगायला हवी.

तिथल्या क्रीडागृहात शिरलो. बाहेर मुसळधार आणि आत कोरडे ठणठणीत. अशा जागेची खुबी अशी, की एकाच फरशीवर अनेक खेळ मावतात. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटर जागा लागते, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, बॅडमिंटनला जेमतेम १३.४० बाय ६.१०. प्रत्येक खेळाच्या रेषेचा रंग निराळा; नवख्याला ती रांगोळीच वाटेल. बॅडमिंटनचे पिसांचे फूल अवघे पाच ग्रॅमचे. वाऱ्याची झुळूक आली तरी ते भलतीकडे जाते, म्हणून खेळताना पंखेसुद्धा बंद ठेवावे लागतात. जाळी काढली, मॅट अंथरली, की कुस्ती किंवा कबड्डी सुरू.

एका बाजूला कबड्डीची मॅट होती. परवानगी घेऊन पुतणी उतरली. पहिल्याच चढाईत वळताना सपशेल आडवी!

"काकाजी, पाय टिकूनच नाही रायला!"

मातीत अंगठा रुतवून पळणारी ती पोर. मॅटवर अंगठा रुतत नाही, तळव्याला पकड असलेले बूट लागतात, आणि वळण आखूड घ्यावे लागते. तासाभराने तिला ते थोडे जमू लागले. मला मात्र घोर लागला. खेड्यातली मुलगी मॅट पहिल्यांदा बघते ती सामन्याच्या दिवशीच. तिथे हरली, की घरचे म्हणतात, बघा, उगीच वेळ घालवला.

परतीच्या एस.टी.त एक विचार सुचला. आपल्या भागात सरकी काढण्याच्या जिनांच्या मोठमोठ्या शेड आहेत. कापूस येतो दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे पोरांना छप्पर हवे असते, तेच महिने त्या रिकाम्या! सिमेंटवर कबड्डी नको, गुडघे फुटतील. पण वर्गणी करून जुनी मॅट घेता येईल. योगासने, मल्लखांब, टेबल टेनिस यांना तर फारसा खर्चही नाही.

दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका जिनवाल्याला विचारले. थोडे आढेवेढे घेऊन तो दसऱ्यापर्यंत शेड द्यायला कबूल झाला. अट एकच: पोरी खेळत असताना बघायला येणाऱ्यांनी आत बिडी ओढायची नाही. पुतणीचे वडील पहिल्या दिवशी बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, बिडी कानावर ठेवून.