घाट, आई आणि अंगावर काटा!

मे महिना, दुपारचे बारा आणि शेजारच्या सीटवर आई. रिस्की कॉम्बिनेशन, मान्य! पण पुण्याला मामाची साठी होती, गाडी नवी होती (म्हणजे सेकंडहँड, पण माझ्यासाठी नवीच!) आणि तिची लेक एकटी घाट चढवू शकते, हे मला आईला दाखवायचंच होतं. ‘इंद्रायणीने गेलो असतो गं,’ हे पालुपद वाशीपासून चालू होतं.

२००२मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाला आणि जुना हायवे आपल्यापैकी बरेच जण विसरून गेले. खोपोलीचा वडापाव मात्र विसरता येत नाही. त्यासाठी आम्ही एक्स्प्रेस-वे सोडला, दोन-दोन हाणले आणि जुन्या रस्त्यानेच बोरघाट चढायला घेतला. खोपोली ते लोणावळा म्हणजे पाचशे मीटरहून जास्त चढण, तीही नागमोडी.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी झेलली, अशी कथा सांगतात. ये-जा करणारे ड्रायव्हर इथे नाणं टाकतात. आईने पर्स उघडली. ‘थांब ना जरा.’ ‘आई, उशीर होतोय!’

खरं सांगू? टेम्परेचरचा काटा वर सरकतोय, हे मला खोपोलीतच दिसलं होतं. पण बोलले असते तर परत इंद्रायणी! म्हणून गप्प बसले. आता काटा लाल पट्ट्याला टेकला. एसी बंद केला, हीटर फुल सोडला. मे महिन्यात हीटर! पण इंजिनाची थोडी उष्णता तेवढीच आत खेचली जाते. घामाघूम होत जेमतेम एक मोकळी जागा गाठली, इंजिन बंद केलं. आईला कठड्याकडे उभं केलं, मागे लाल त्रिकोण ठेवला.

बॉनेटमधून वाफ. मी पाण्याची बाटली घेतली, रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला...

‘ताई! हात काढा आधी!’ मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर पळत आला. ‘आत प्रेशर असतंय. झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर!’

अंगावर काटा आला. इंजिनावर गार पाणी ओतायचाही विचार होता. तापलेलं लोखंड तडकू शकतं, म्हणून तोही त्याने मोडीत काढला. एकच उपाय : थांबा.

पाऊण तास थांबलो. आई चिडेल असं वाटलं होतं. ती कठड्याशी उभी राहून सांगत होती, तिच्या लहानपणी एसटीसुद्धा याच घाटात तापायची, सगळे खाली उतरायचे, डबे सुटायचे. मी म्हटलं, ‘तुझ्या इंद्रायणीलाही घाट चढायला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात!’ ती हसली. मग हळूच म्हणाली, ‘काटा वर गेला तेव्हाच सांगायचं होतंस. मी काय खाणार होते का तुला?’

इंजिन गार झाल्यावर ड्रायव्हरदादांनी बघितलं. पाइपची क्लिप ढिली, कूलंट गळून गेलेलं. क्लिप आवळली, पाणी भरलं. एसीविना, काट्यावर डोळा ठेवून लोणावळा गाठलं. तिथल्या मेकॅनिकने कूलंट भरलं आणि बजावलं, लाल काट्यावर रेटली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं. म्हणजे माझे दोन-तीन ईएमआय!

केक कापून झाल्यावर पोचलो. आता निघण्याआधी सकाळी, इंजिन गार असताना, मी कूलंटची पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे ना ते बघते. आई डॅशबोर्डवर शिंग्रोबाचं नाणं ठेवते. दोघींचं आपापलं चेकिंग!

इंद्रायणीचं नाव मात्र तिने अजून सोडलेलं नाही.